प्रवेश-परीक्षेची तयारी केव्हा व कशी करावी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी मला विषय दिला आहे तो मुलामुलींच्या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षांचा. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा गणित-रसायन शिकविण्याचा आव मी आणणार नाही. परंतु ह्या परीक्षेची निम्मी तयारी पुस्तकात होते व निम्मी घरात होते. आणि घरातली तयारी आपल्या हाती आहे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

पहिला प्रश्न, केव्हा? पुष्कळ घरी समजूत अशी, की आधी बारावी होऊ द्या, मग सी. ई. टी. बघू. पण बारावीचे पेपर बहुधा मार्चपर्यंत चालतात आणि प्रवेश-परीक्षा एप्रिल-मेमध्ये येतात. तेवढ्या आठवड्यांत उजळणी होते, नवा अभ्यास होत नाही. आपल्या राज्याच्या सी. ई. टी.त सुमारे २० टक्के भाग अकरावीचा व ८० टक्के बारावीचा असतो. डॉक्टरकीच्या 'नीट'ला तर दोन्ही वर्षांचा अभ्यास पुरा लागतो. म्हणून आरंभ अकरावीच्या पहिल्या दिवशीच व्हावा. अकरावी हे विसाव्याचे वर्ष नव्हे.

आता कशी? इंजिनीअरिंग व फार्मसीला सी. ई. टी. लागते. आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठातील शेतकीच्या पदवीलाही तीच लागते, हे शेतकरी घरांनी ध्यानात ठेवावे. ह्या परीक्षेत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवावे लागतात, आणि भौतिक व रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत. म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही. 'नीट'ला १८० प्रश्न व १८० मिनिटे. येणारे उत्तरही वेळेत आले नाही तर फुकट. तेव्हा आठवड्यातून एकदा मुलाला जुना पेपर घेऊन बसवावे आणि आपण घड्याळ घेऊन समोर बसावे. वेळ संपली, की पेपर काढून घ्यावा. दया करू नये. घड्याळ पाहावयाला सातवी पुरते, भगिनींनो!

सी. ई. टी.त चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. 'नीट'मध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात व चुकीला १ जातो. तेथे अंदाजपंचे चालत नाही. सी. ई. टी.चा गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. मराठी शाळेतून आलेल्या मुलांनी गणिताचे इंग्रजी शब्द अकरावीतच पाठ करावे. आणखी एक. निकालात 'पर्सेंटाईल' येते, ते टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाईल म्हणजे शंभरांत सुमारे नव्वदजण त्याच्या मागे किंवा बरोबरीने आहेत, एवढाच अर्थ. तो न समजता शेजारच्या मुलाशी तुलना करू नये.

दुसरे काम कागदांचे. जातीचा दाखला, जात-पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, ज्यांना जे लागेल ते अकरावीतच करावयास घ्यावे. पडताळणीला महिने लागतात. आधार कार्डावरील नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षराअक्षराने जुळते का, तेही पाहावे. गुण असूनही कागदापायी जागा जाणे ह्यासारखे दुःख नाही.

आता मुलींविषयी. सन २०२४-२५ पासून आपल्या राज्यात आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण-फी व परीक्षा-फी पूर्ण माफ आहे. अट अशी, की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावे व प्रवेश सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून मिळालेला असावा. राहण्याजेवण्याचा खर्च आपला. तेव्हा "मुलीच्या फीला पैसा कोठून आणू?" हे उत्तर आता पुष्कळ घरांत चालावयाचे नाही.

मग अडते कोठे? घरातच अडते. मुलगा अभ्यासाला बसला, की आपण रेडिओ बंद करतो, मुलगी बसली, की हाक मारतो, "पीठ मळून दे, मग बस." पाहुणे आले, की चहा तिनेच करावयाचा. बारावी संपते न संपते तोच स्थळे पाहावयास निघतो. दोघांची परीक्षा एकच, प्रश्न तेच, मिनिटेही तीच. मग घरातली मिनिटे मात्र निराळी का? तिच्या अभ्यासाचे दोन तास ठरवावे आणि त्या वेळी तिला कोणी हाक मारू नये, सासूबाईंनीही नाही व आपणही नाही.

सावित्रीबाई फुले ह्यांनी अध्यापनाचे शिक्षण ह्याच नगरला, मिस फरार बाईंच्या संस्थेत घेतले. त्या काळी लोक आड आले. आज आपल्या लेकींच्या आड पिठाची परात येऊ नये, एवढे तरी आपण ह्या मंडळात ठरवू या.