समुद्रानें परत घेतलेली खाण

लहानपणीं आपणांपैकीं पुष्कळांनीं पाटीवर श्रीगणेशा गिरविला असेल. त्याच पाटीच्या दगडानें घरें शाकारतात, हें मात्र सहसा ध्यानांत येत नाहीं. आपण कौलांचीं माणसें!

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला, आर्गाइल परगण्यांत, साइल बेटाच्या टोकाशीं एलनबीक हें लहानसें खेडें आहे. समोर, होडीनें कांहीं मिनिटांच्या अंतरावर, ईझडेल बेट. येथल्या दगडाचीं छपरें एके काळीं ग्लासगोपासून ऑस्ट्रेलियापर्यंत चढलीं.

जुन्या काळीं दगड काढण्याची रीत मोठी गमतीची होती. ओहोटीच्या वेळीं खडकाच्या भेगांत लांकडी पाचरी ठोकीत. भरतीच्या पाण्यानें त्या फुगत आणि खडक सुटे. समुद्रच जणूं बिनपगारी गडी! १७४५ सालीं ब्रेडलबेनच्या जमीनदार घराण्याच्या पुढाकारानें कंपनी निघाली. मग किनाऱ्यावरचा दगड पुरेना. माणसें खालीं खालीं खणत गेलीं.

एलनबीकला तर साइलच्या शेजारीं एक स्वतंत्र चिमुकलें बेटच होतें. खाणीचा टाकाऊ दगड मधल्या पाण्यांत पडून पडून तें साइलला जोडलें गेलें, आणि आंतून मात्र पोखरत गेलें. खाण समुद्रसपाटीखालीं सुमारें २५० फूट उतरली. भोंवतीं उरली दगडाची एक कड, आणि पलीकडे अटलांटिक! रोज आंत उतरणाऱ्यांना भीति वाटत नसेल काय? वाटत असेलच, पण घरची चूल त्या खड्ड्यावरच पेटत होती.

१८८१ च्या नोव्हेंबरांत वादळ झालें. लाटांनीं कड फोडली, खाण पाण्यानें भरली. ईझडेलच्या खाणींतहि समुद्र शिरला. शेंकडों माणसांचा रोजगार एका वादळांत बुडाला. दोष वादळाला देतात. मला वाटतें, कड किती जाड राखावी हा हिशेब कांहीं वादळानें केलेला नव्हता.

ईझडेलवर पुढें थोडेंफार काम चाललें. विसाव्या शतकाच्या मध्याला तेंहि थांबलें. पांचशेंच्या वस्तीचें बेट ओस पडत गेलें. आज तेथें साठाच्या आसपास माणसें राहतात. मोटारी नाहींत, सामान ढकलगाडीवरून नेतात.

मात्र सप्टेंबरांत गर्दी होते. पाणी भरलेल्या एका खाणीवर दगडाची चकती टप्पे खात दूर जाईल अशी फेंकण्याची जागतिक स्पर्धा भरते. १९८३ सालीं ती प्रथम भरली. चकती तीन इंचांहून मोठी चालत नाहीं, आणि दगड अर्थात् तेथलाच.