सारसाचे घरटे कुणाच्या खात्यावर?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



धानाची खरेदी, चुकारे, विजेचे बिल हे विषय बैठकीत असताना मध्येच पक्ष्याचा विषय कुठून आला, असे काहींना वाटेल. पण हा पक्षी जंगलात राहत नाही, तुमच्या बांधीत राहतो. त्याच्याबद्दल बोलण्याचा पहिला हक्क तुमचा आहे.

महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात. भंडाऱ्याकडे एखाद-दुसरी जोडी, आणि नदीपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटमध्ये काही. आपल्या राज्यातली संख्या पन्नाशीसुद्धा गाठत नाही. उडणाऱ्या पक्ष्यांत हा जगात सर्वांत उंच, जवळजवळ माणसाएवढा. रोवणी आटोपली, बांधीत पाणी थांबले की जोडी गवत आणि धानाची रोपे ओढून पाण्यात ढीग रचते. त्यावर बहुधा दोन अंडी. नर-मादी पाळीपाळीने महिनाभर उबवतात. हे सगळे ज्या जमिनीवर चालते, तिचा सातबारा शेतकऱ्याच्या नावाचा आहे.

हे वर्म गोंदियाच्या सेवा संस्थेच्या पोरांनी ओळखले. गेली अनेक वर्षे ही मंडळी सारसांच्या मागे हिंडत आहेत. त्यांनी कुंपण मागितले नाही. ज्याच्या बांधीत घरटे, त्याच्या ओसरीवर जाऊन बसले. गावोगाव सारसमित्र उभे केले, घरटे राखणाऱ्या शेतकऱ्याचा सत्कार केला. उन्हाळ्याच्या अखेरीस पहाटे वेगवेगळ्या ठिकाणी एकाच वेळी माणसे बसवून, वन विभागाला सोबत घेऊन ते गणती करतात. राज्याची हद्द पक्ष्याला कळत नाही, म्हणून बालाघाटमध्येही काम करतात. शेतकऱ्याला आधी चोर ठरवून मग निसर्गावर व्याख्यान देणारे आपण पुष्कळ पाहिले. हे लोक तसे निघाले नाहीत, म्हणून त्यांचे नाव मी या बैठकीत घेतो आहे.

वारसा कशाला म्हणायचा?

वारसा म्हटला की देऊळ आणि किल्ला डोळ्यांपुढे येतो. आपला वारसा पाण्याचा आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी शेतकऱ्यांनी या मुलखात हजारो तलाव-बोड्या बांधल्या. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असे सांगतात. त्याच काठावर मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून पक्ष्यांचा अभ्यास केला. 2025 साली ते गेले. पक्ष्यांवर त्यांनी जे लिहिले, त्यातले कितीतरी या कोहळ्यांच्या पाण्यावर पोसलेले आहे.

तलावाखाली धान, तलावात धिवरांची मासोळी, उथळ काठावर कमळकंद, पाणवनस्पती आणि तिथेच सारसाचा चारा. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली. ती गेली ते बरेच झाले. पण तलाव सरकारजमा झाले, मोठे पाटबंधाऱ्याकडे आणि लहान जिल्हा परिषदेकडे गेले. पाळ कोणी दुरुस्त करायची, गाळ कोणी काढायचा, पाणी कोणाला किती द्यायचे याची गावातली रीत मोडली. पाण्यात गाळ आणि काठावर बेशरम, अशी आज कित्येक तलावांची गत आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने धिवर बायाबापड्यांना बरोबर घेऊन काही तलावांतली बेशरम उपटली आणि मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यातून मासोळी आली, पाखरेही आली. कोणती वनस्पती कुठे लावायची हे धिवरांना ठाऊक होते. आमच्या कृषी महाविद्यालयात तो धडा नव्हता.

आता हिशेब

सारस धान खातो का? थोडे खातो. गोगलगायी, किडे, बेडूक, कंद हेही खातो. खरे नुकसान घरट्याच्या जागेचे आणि तुडवणीचे. समजा, पाव आर जागा गेली. एकरी 16 क्विंटल धरले तर आरला 40 किलो, पाव आरला 10 किलो. 2025-26 च्या हमीभावाने, म्हणजे क्विंटलला 2369 रुपयांनी, 237 रुपये झाले. दुप्पट धरा, पाचशेही होत नाहीत. महाराष्ट्राचा सारस एवढ्या पैशांवर टिकतो, आणि ते पैसे आज ज्याच्या बांधीत घरटे आहे तो एकटा भरतो.

रक्कम लहान आहे. भीती मोठी आहे. घरटे दिसले की साहेब येतील, पंचनामा होईल, उद्या जमिनीवर शिक्का बसेल. ही भीती खोटी नाही. 1979 साली सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत माळढोकसाठी 8496 चौरस किलोमीटरचे अभयारण्य कागदावर आखले. त्यात शेतकऱ्यांच्या जमिनी आणि गावेच्या गावे सापडली. ते 1222 चौरस किलोमीटरवर आणायला तीन दशकांहून जास्त काळ गेला. आज तिथे माळढोक दिसला तर ती बातमी होते. अभयारण्यामुळेच माळढोक गेला असे मी म्हणत नाही. पण ज्याच्या जमिनीवर पक्षी उतरतो त्यालाच पक्ष्याचा वैरी करून ठेवले, तर पक्षी राखणार कोण?

सारसाच्या बाबतीत 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. पुढे जिल्हा पातळीवर सारस संवर्धन समित्या झाल्या. त्यांच्यापुढे आपल्या मागण्या अशा असाव्यात:

1. घरटे असलेल्या बांधीची भरपाई हमीभावाने, त्याच हंगामात, अर्जांच्या फेऱ्यांशिवाय मिळावी. राखणीची मजुरी वेगळी.
2. सारसाच्या नावाने कोणाच्याही सातबारावर शिक्का नको.
3. समितीत घरटेवाले शेतकरी आणि धिवर सोसायटीचे लोक बसावेत.
4. तलाव आणि बांध्यांवरच्या लोंबत्या विजेच्या तारा आधी नीट कराव्यात. त्या तारांनी सारस मरतो आणि आपला बैलही मरतो.
5. तलावाचे खोलीकरण करताना उथळ काठ खरवडून काढू नये. पाखरांचे आणि मासोळीच्या पिल्लांचे पोट तिथेच आहे.

मागण्या केल्या की आपलेही काही देणे लागते. अंडी उचलू देऊ नका, कुत्री आवरा. घरट्याभोवती फवारणी करू नका. एक कृषी पदवीधर म्हणून सांगतो, कीड दिसण्याआधी मारलेल्या फवाऱ्याने कोळी आणि चतुर मरतात आणि पुढे तुडतुडा माजतो. तो फवारा वाचला तर सारसाचे भले आणि तुमचे पैसेही वाचले.

येत्या रोवणीनंतर ज्याच्या बांधीत जोडी बसेल त्याने तालुक्याच्या कार्यकर्त्याला आणि सेवा संस्थेला निरोप द्यावा. घरटी किती आणि नुकसान किती, याची नोंद या वर्षी आपल्या वहीत झाली पाहिजे. वही हातात असली तर समितीपुढे आपण हात जोडून उभे राहणार नाही, हिशेब घेऊन बसू.