वाचनयंत्र आणि त्याचे हमीपत्र

जुन्या हस्तलिखित पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक वाचकाला पुष्कळदा एक विनंती करीत असे. पोथीला तेलापासून जपावे, पाण्यापासून जपावे, तिची बांधणी सैल होऊ देऊ नये आणि ती मूर्खाच्या हाती देऊ नये, असा त्या विनंतीचा आशय असे. पोथी टिकवण्याची सारी जबाबदारी लेखनिक वाचकावर टाकी. परंतु ती तो उघडपणे टाकी. आज पुस्तके वाचण्याचे जे यंत्र ‘ई-रीडर’ या नावाने बाजारात मिळते, त्याच्यासोबतही असाच एक लेख येतो. त्याला हमीपत्र अथवा वॉरंटी म्हणतात. प्रारंभीच्या ओळींत तो वाचकाला निर्धास्त करतो, आणि पुढील कलमांत दिलेले आश्वासन थोडेथोडे परत घेतो.

हे यंत्र म्हणजे संगणकाची धाकटी आवृत्ती नव्हे. त्याच्या पडद्याचे तत्त्वच निराळे आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील संशोधनातून १९९७ साली ई-इंक नावाची कंपनी निघाली आणि तिने इलेक्ट्रॉनिक शाई व्यवहारात आणली. या शाईत केसाच्या जाडीइतक्या सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीतील स्वच्छ द्रवात काळे आणि पांढरे कण तरंगत असतात. एका रंगाच्या कणांवर धन, तर दुसऱ्या रंगाच्या कणांवर ऋण विद्युत्‌भार असतो. विद्युत्‌क्षेत्र लावले की एक रंग वर येतो आणि दुसरा तळाशी जातो. कण एकदा जागी बसले की तेथेच राहतात. त्यामुळे वीज खर्च होते ती मुख्यतः पान उलटताना, आणि एकदा भारित केलेली बॅटरी कित्येक आठवडे पुरते. भर उन्हातही अक्षर कागदावरच्यासारखे स्वच्छ दिसते. सोनी कंपनीने २००४ साली जपानात अशा पडद्याचे वाचनयंत्र विक्रीस काढले. अमेझॉनचे किंडल २००७ साली अमेरिकेत आणि २०१२ साली भारतातील दुकानांत आले. डिसेंबर २०१६ मध्ये त्याच्या ग्रंथभांडारात इतर काही भारतीय भाषांबरोबर मराठी पुस्तकांचाही स्वतंत्र विभाग उघडला.

अशा यंत्राचा नित्याच्या जीवनात उपयोग कोणाला? समजा, एक सेवानिवृत्त शिक्षक आपल्या मुलाकडे गुवाहाटीस राहावयास गेले आहेत. जन्मभर जमवलेली पुस्तके साताऱ्याच्या घरी कुलपात आहेत. नव्या घरात कपाटाला जागा नाही, आणि मराठी पुस्तकांचे दुकान जवळपास नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आहे. या गृहस्थांच्या हाती दोनशे ग्रॅमांच्या आसपास वजनाचे हे यंत्र आले, तर त्यांना अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, जाड कादंबरी एका हाताने धरता येते, आणि पुस्तक मागवून पंधरा दिवस टपालाची वाट पाहावी लागत नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांचे स्वामित्व त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी संपते. म्हणून १९१९ साली दिवंगत झालेले हरि नारायण आपटे किंवा १९५० साली गेलेले साने गुरुजी यांचे लेखन वाचकाला विनामूल्यही उपलब्ध होऊ शकते. जुन्या पुस्तकांच्या पानांची नुसती छायाचित्रे मात्र या लहान पडद्यावर वाचणे कष्टाचे होते. तेथे अक्षर मोठे करू गेल्यास ओळ पडद्याबाहेर जाते. यंत्राची ही मर्यादा ध्यानात घेऊनही एवढे म्हणता येईल की, या शिक्षकांच्या दृष्टीने ते चैनीची वस्तू नाही. आपल्या भाषेशी रोज गाठ पडण्याचा तो त्यांचा मार्ग आहे.

आता असे समजा की, खरेदीला दहा महिने झाले आहेत. एके सकाळी गुरुजी यंत्र उघडतात, तो वरचे अर्धे पान नवे आणि खालचे अर्धे पान काल रात्रीचे! कितीही वेळा पान उलटले तरी खालच्या ओळी हलत नाहीत. वरून पाहावे तर कोठे ओरखडाही नाही. याचे कारण पडद्याच्या रचनेत आहे. बहुतेक यंत्रांत शाईच्या थराखाली एक अतिशय पातळ काच असते आणि विद्युत्‌क्षेत्र निर्माण करणारे मंडल त्या काचेवर असते. पिशवीत पुस्तकांचा दाब पडला, यंत्र किंचित पिळले गेले, तर ही आतली काच तडकते आणि वरचे आवरण मात्र अभंग राहते. तडकलेल्या भागातील कणांना हलण्याची आज्ञा पोहोचत नाही, म्हणून जुनी अक्षरे तेथेच गोठून राहतात. ज्या गुणामुळे यंत्राला वीज कमी लागते, त्याच गुणामुळे त्याची दुखापत अशी कायमची दिसत राहते.

वादाला आरंभ होतो तो येथे. हमीपत्र बहुधा एक वर्षाचे असते आणि ते माल व कारागिरी यांतील दोषांपुरते असते. अपघाताने झालेली हानी त्यातून वगळलेली असते. गुरुजी म्हणतात, यंत्र पडलेले नाही. सेवाकेंद्र म्हणते, काच आपोआप तडकत नाही. दोन्ही पक्ष प्रामाणिक असू शकतात, कारण काच मुळातच सदोष होती की दाबाने फुटली, हे बाहेरून कोणालाच दिसत नाही. पुढे आणखी कलमे निघतात. यंत्र अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेले नसेल, किंवा कोणी ते परदेशातून भेट म्हणून आणलेले असेल, तर येथे हमी पुष्कळदा लागू होत नाही. बॅटरीची शक्ती वापराने क्षीण होणे हा सहसा दोष मानला जात नाही. यंत्र बदलून मिळाले, तरी ते अनेकदा दुरुस्त केलेले जुनेच असते आणि त्याची हमी मूळ मुदतीतील उरलेल्या दिवसांपुरतीच असते.

तथापि हमीपत्र हा शेवटचा शब्द नव्हे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा कायदा २०२० सालच्या जुलैत अमलात आला. त्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. गुरुजींच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची तरतूद अशी की, ज्या वस्तूतील दोष परीक्षणावाचून ठरवता येत नाही, ती आयोगाला योग्य प्रयोगशाळेकडे पाठवता येते. तत्पूर्वी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यसेवेकडेही गाऱ्हाणे मांडता येते.

पण कायदा पुराव्यावर चालतो, आणि पुरावा जमवण्याची वेळ यंत्र बिघडल्यानंतरची नसते. पावती आणि पेटीवरचा अनुक्रमांक पहिल्याच दिवशी नीट ठेवावेत. पेटी उघडताक्षणी चालू पडद्याचे छायाचित्र घ्यावे. बिघाड दिसताच त्याच दिवशी लेखी कळवावे. नुसत्या दूरध्वनीवरील संभाषणाचा पुढे उपयोग होत नाही. आणि प्रवासात यंत्राला कठीण वेष्टन घालावे. लेखनिकाने पोथीविषयी केलेली विनंती येथे अक्षरशः लागू पडते.

सर्वांत मोठी गोष्ट हमीपत्रात मुळीच लिहिलेली नसते. हमी असते ती यंत्राची, त्यातील ग्रंथांची नव्हे. विकत घेतलेले ई-पुस्तक हे बहुधा पुस्तक नसून ते वाचण्याचा परवाना असतो. जुलै २००९ मध्ये अमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ या पुस्तकांच्या काही प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या, कारण विक्रेत्यापाशी प्रकाशनाचा अधिकार नव्हता. पैसे परत मिळाले आणि कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर क्षमाही मागितली. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली आपले पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हाही वाचकांना पैसे मिळाले आणि पुस्तके गेली. पुस्तकाच्या समासात केलेल्या टिपणांची आणि अर्ध्यावर राहिलेल्या वाचनाची किंमत मात्र कोणत्याही परताव्याने पुरी भरून येत नाही. म्हणून जे ग्रंथ नियमानुसार स्वतःजवळ उतरवून ठेवता येतात, त्यांची एक प्रत यंत्राबाहेरही असावी.

गुरुजींच्या तक्रारीचा निकाल काय लागेल, हे पावती, पत्रव्यवहार आणि परीक्षण यांवर अवलंबून आहे. कदाचित त्यांना नवे यंत्र मिळेल. कदाचित मिळणार नाही. तोपर्यंत त्यांनी साताऱ्याला पत्र घालून कुलपातल्या कपाटातील चार पुस्तके मागवून घेतली, तर ते यंत्रावर रुसले असे कोणी समजू नये. त्या पुस्तकांची अक्षरे बारीक असतील, बांधणी सैल झाली असेल, एखाद्या पानाला कसर लागली असेल. पण खालचे अर्धे पान वाचण्यासाठी कोणाच्या उत्तराची वाट पाहावी लागणार नाही. आणि नवे यंत्र आलेच, तर मोठ्या अक्षरांसाठी ते त्याच्याकडे पुन्हा वळतील. फक्त या खेपेस पावती कोठे ठेवली आहे, हे त्यांना ठाऊक असेल.