तोरणातल्या दिव्याची किंमत

(मुरगूड येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत एक वाद अर्धवट राहिला होता. गौरी-गणपतीसाठी आपण दिव्यांची कापडी तोरणं शिवतो. त्यासाठी आता तयार दिवे मिळतात. बटणाएवढी चकती, तिच्यावर एलईडी आणि रेझिस्टर बसवलेला, कडेला शिवायला भोकं. सुटा एलईडी आपल्याला 2 रुपयांना पडला, रेझिस्टर 50 पैशांना, आणि ही चकती 30 रुपयांना! "ही लूट आहे," असं बहुतेकींचं म्हणणं पडलं. मलाही तसंच वाटलं होतं.

ही वस्तू मुळात एका बाईच्या डोक्यातून आली. लिआ ब्यूकली या अमेरिकन संशोधक बाईंनी कापडावर शिवता येतील असे इलेक्ट्रॉनिक भाग तयार केले आणि 2007 साली स्पार्कफन या कंपनीने ते 'लिलीपॅड' नावाने विकायला काढले. पुढे पाहणी केली तेव्हा ते वापरून वस्तू करणाऱ्यांत बायका जास्त निघाल्या. साध्या अर्डुइनोवर काम करणारे मात्र बहुतेक पुरुष. हातात डाखणी ऐवजी सुई आली, एवढ्याने हा फरक पडला! शिवाय त्यांनी आराखडा खुला ठेवला, म्हणून आज तसे भाग इतरही बनवतात.

आता आपला हिशेब. दहा दिव्यांचं तोरण. सुटं सामान घेतलं तर एलईडी 20, रेझिस्टर 5, डाख वगैरे 15, म्हणजे 40 रुपये. तयार चकत्या 300. फरक 260 चा. पण सुट्या सामानाला चार तास जास्त लागतात. (पहिल्या वेळी रेझिस्टर न लावताच आम्ही एलईडी जोडले आणि जाळले, ते तास वेगळेच.) कापडाची घडी घातली की डाख सुटतो, तोरण परत येतं, तेही धरलेलं नाही. म्हणजे दुकानदार आपल्याकडून तासाला 65 रुपये घेतो. चकत्या यंत्रावर हजारोंनी होतात, तेव्हा 30 जास्तच आहेत. सगळ्या गटांनी मिळून एकदम घेतल्या तर भाव नक्की उतरवता येईल, तो उतरवायचाच.

पण पुढे बघा. तोरण आपण 650 ला देतो. कापड, मणी, तार, सेलची डबी मिळून 250, चकत्या 300. उरले 100. शिलाईला बारा तास. तासाला आठ रुपये! भांगलणीला गेलं तरी यापेक्षा जास्त मिळतं. आपला तास आठ रुपयांचा धरला की चार तास वाचवायला 260 मोजणं वेडेपणाच वाटणार. चकती महाग दिसते, कारण आपण स्वतःला इतकं स्वस्त करून ठेवलंय.

हे काही नवीन नाही. शेजारी निपाणीला विड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी हजार विड्यांवर ठरते. पानं भिजवणं, कातरणं यांचे तास कोण मोजतो? घरी बसून काम करणाऱ्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1996 साली 177 क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. ती मागणी आपण लावून धरू, पण आपल्या वहीत तास लिहायला कुणाच्या मान्यतेची गरज नाही.

म्हणून या वर्षी वहीत तासांचा एक रकाना आखला आहे. भाव त्यावरून ठरेल. गिऱ्हाईक कुरकुर करेल, काही तोरणं पडून राहतील, हेही धरून चाललोय.

पहिल्या आठवड्यात एका काकूंनी तो रकाना कोराच ठेवला. विचारलं, तर म्हणाल्या, "टीव्ही बघत बघत शिवलंय की, ते कशाला धरायचं?"