पुरात भिजलेलं गिटार पेडल

मे 2010 मध्ये अमेरिकेत कंबरलँड नदीचा पूर नॅशव्हिल शहरात शिरला. ‘साउंडचेक’ या ठिकाणी ठेवलेली विन्स गिल, कीथ अर्बन अशा नामवंत संगीतकारांची वाद्यं आणि साधनसामग्री पाण्यात बुडाली.

श्रोतेहो, अशा पुरात गिटारचा आवाज पालटणारं इफेक्ट पेडल भिजलं की ‘चालतंय का बघू’ म्हणून बटण दाबायचा मोह होतो. तो आवरा! ओल्या सर्किटमधून वीज वाहिली की तांब्याच्या रेषा झपाट्याने गंजतात, हिरव्या पडून तुटतात. आधी नऊ व्होल्टची बॅटरी काढा, मग मागचे स्क्रू. गाळ वाळायच्या आत बोर्ड डिस्टिल्ड वॉटरने धुवा. हो, पुन्हा पाण्यानेच! नंतर मऊ टूथब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा. ते उरलेलं पाणी घेऊन उडून जातं. फक्त जवळपास शेगडी किंवा उदबत्ती नको. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचा उपाय मात्र भाबडाच. तांदूळ गाळ आणि क्षार थोडेच काढणार?

पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळवूनच वीज जोडा. बटण फिरवताना खरखर आली, तर आतल्या पोटेन्शिओमीटरमध्ये घाण अडकलेली असते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ते भरपूर वेळा मागेपुढे फिरवा. तरी खरखरलंच, तर सरळ नवं बसवा, फारसं महाग नसतं. पायाने दाबायच्या स्विचचंही तेच.