नाव पाहून नेमलेला प्रशिक्षक
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



23 मार्च 2007 ची रात्र आमच्या पिंगळीतल्या पुष्कळांना आठवत असेल. विश्वचषकाचा सामना वेस्ट इंडीजमधल्या पोर्ट ऑफ स्पेनला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी सुरू होणार आणि मध्यरात्र उलटल्यावर संपणार. लोडशेडिंगचे दिवस होते. कुणीतरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली, तिला टीव्ही जोडला आणि निम्मी आळी त्याच्यापुढे बसली. आधी 17 तारखेला बांगलादेशाने आपल्याला हरवलं होतंच. आता श्रीलंकेने 254 धावा केल्या आणि आपला डाव 185 वर आटोपला. 69 धावांनी हरलो, पहिल्याच फेरीत बाहेर. सचिन, द्रविड, गांगुली, सेहवाग, धोनी, कुंबळे, झहीर असे सगळे असताना बाहेर! माणसं न बोलता उठून घरी गेली.

त्या रात्री एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नाही. श्रीलंकेच्या ड्रेसिंग रूममध्ये एक उंचपुरा ऑस्ट्रेलियन बसला होता, टॉम मूडी. तो श्रीलंकेचा प्रशिक्षक. दोनच वर्षांपूर्वी, मे 2005 मध्ये, तो भारताच्या प्रशिक्षकपदासाठी दिल्लीत मुलाखत देऊन गेला होता. ग्रेग चॅपेल, टॉम मूडी, डेसमंड हेन्स आणि आपले मोहिंदर अमरनाथ अशा चौघांतून आपण चॅपेल यांना निवडलं. मूडीला श्रीलंकेने उचललं. त्याने तो संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेला आणि वाटेत आपल्याला घरी पाठवलं.

चुकीच्या प्रशिक्षकाची नेमणूक हा आज माझा विषय आहे. खेळाडू चुकला की त्याचा त्रिफळा उडालेला सगळ्या जगाला दिसतो. प्रशिक्षक निवडताना झालेली चूक मात्र बंद खोलीत होते आणि ती उघडी पडायला दोन वर्षं जातात.

चॅपेल यांची निवड का झाली असेल? 87 कसोटी, सात हजारांवर धावा, 24 शतकं. फलंदाजीचं शास्त्र जाणणाऱ्या जगातल्या मोजक्या माणसांपैकी एक. मूडीच्या नावावर कसोट्या होत्या अवघ्या आठ. कागदावर तुलनाच नव्हती. पण त्याच कागदाच्या मागच्या बाजूला आणखी काही लिहिलेलं होतं. चॅपेल 1998 पासून पाच हंगाम साउथ ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक होते आणि त्या काळात त्या संघाने एकदाही शेफील्ड शील्ड जिंकली नव्हती. मूडीने इंग्लंडमधल्या वूस्टरशायर कौंटीत खेळाडू घडवण्याचं रोजचं काम केलेलं होतं. आपण पुढची बाजू वाचली.

आणि गंमत अशी की चॅपेल यांच्यासाठी सर्वांत जास्त आग्रह होता तो कर्णधार गांगुलीचाच. 2003 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याआधी त्याने त्यांच्याकडून फलंदाजीचे धडे घेतले आणि मग ब्रिस्बेनला 144 धावा ठोकल्या. या माणसाबरोबर संघ चालवणं अवघड जाईल, असं गावसकरांनी आपल्याला आधीच सुचवलं होतं, हे गांगुलीने पुढे स्वतःच्याच आत्मचरित्रात लिहिलंय. आठ दिवस शिकवणारा गुरू वेगळा आणि दोन वर्षं घरात राहणारा कारभारी वेगळा, एवढाच फरक होता. तो कळायला चार महिने लागले. सप्टेंबर 2005 मध्ये झिंबाब्वेच्या दौऱ्यातून चॅपेल यांनी बोर्डाला पाठवलेला गांगुलीविषयीचा ईमेल वर्तमानपत्रांत आला. कर्णधारपद गेलं, मग संघातली जागाही गेली.

मी चॅपेल यांना खलनायक ठरवायला बसलेलो नाही. त्यांच्याच काळात आपण धावांचा पाठलाग करताना सलग 17 एकदिवसीय सामने जिंकले. 2006 मध्ये वेस्ट इंडीजमध्ये 35 वर्षांनी कसोटी मालिका जिंकली. त्याच वर्षी डिसेंबरात जोहान्सबर्गला दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवरची आपली पहिली कसोटी जिंकली. त्यांना खेळ कळत नव्हता असं कोण म्हणेल? त्यांना माणसं कळली नाहीत. खरं म्हणजे ही माणसं कळायला हवीत, हे त्यांना नेमताना कुणी विचारलंच नाही. सतराएक वर्षं देशासाठी राबलेल्या सचिनसारख्याच्या वृत्तीवर शंका घेतली गेली आणि ते त्याला किती लागलं, हे त्याने नंतर उघडपणे सांगितलं. 4 एप्रिल 2007 रोजी चॅपेल बाजूला झाले.

त्यांना निवडणाऱ्यांना मात्र त्या निवडीचा जाब कुणी विचारला नाही. या विषयातली मला सर्वांत खुपणारी गोष्ट हीच आहे. खेळाडू वगळला जातो, प्रशिक्षक हाकलला जातो, निवडणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल संघांचं मोठं वेड आहे. त्यांचा फुटबॉल आपल्यासारखा पायाने खेळायचा नाही, अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचा. टेक्सास ए अँड एम नावाच्या विद्यापीठाने 2017 मध्ये जिम्बो फिशर या प्रशिक्षकाला दहा वर्षांच्या कराराने आणलं. कारण काय, तर त्याने 2013 च्या हंगामात दुसऱ्या एका विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. इथे ते जमलं नाही. तरी मध्येच करार वाढवून दिला. नोव्हेंबर 2023 मध्ये त्याला काढलं, तेव्हा करारापोटी द्यायची रक्कम होती साडेसात कोटी डॉलरहून अधिक, म्हणजे आपले सहाशे कोटींहून जास्त रुपये. काम न करण्याचे! आपल्या जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना त्या पैशात मैदानं झाली असती, असा हिशेब मी उगाच करून पाहिला.

मोठा खेळाडू म्हणजे मोठा प्रशिक्षक, ही समजूत आपल्यात फार खोल आहे. 1983 चा विश्वविजेता कर्णधार म्हणून 1999 मध्ये कपिलदेवना प्रशिक्षक केलं आणि ऑस्ट्रेलियात आपण तिन्ही कसोट्या हरलो. उलट संदीप पाटील बघा. 1996 मध्ये ते भारताचे प्रशिक्षक झाले आणि काही महिन्यांतच त्यांना बाजूला केलं. तोच माणूस केनियाला गेला आणि 2003 च्या विश्वचषकात केनियासारख्या संघाला त्याने उपांत्य फेरीत आणलं. माणूस तोच, विद्या तीच. मग नापास कोण झालं होतं?

अलीकडचं, आपल्या शेजारचं उदाहरण देतो. 2015-16 मध्ये मुंबईने रणजी करंडक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. पुढच्या वर्षी मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून हरली आणि मुंबईने पंडितांना सोडलं. नागपूरच्या लोकांनी त्यांना बोलावलं. विदर्भ! ज्यांना रणजीत कुणी मोजत नव्हतं, त्या विदर्भाने 1 जानेवारी 2018 रोजी इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा करंडक उचलला. दुसऱ्या वर्षी पुन्हा उचलला. मग पंडित मध्य प्रदेशात गेले आणि जून 2022 मध्ये बंगळूरला त्यांच्या मध्य प्रदेशाने अंतिम सामन्यात हरवलं कुणाला, तर मुंबईला.

त्या सामन्यात मुंबईचे प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार. रणजीत धावांचे डोंगर उभे केले, पण भारताची टोपी कधी मिळाली नाही, असा हा माणूस. 2023 मध्ये त्यांना भारतीय महिला संघाचं प्रशिक्षकपद दिलं, तेव्हा स्वतः भारताकडून न खेळलेला माणूस काय शिकवणार, असं म्हणणारे आमच्या पारावरही होते. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. पारावरचे ते लोक त्या रात्री सगळ्यांच्या पुढे नाचत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

कबड्डीची गोष्ट तर आपल्याला आणखी जवळची. ऑगस्ट 2018, जकार्ताचे आशियाई खेळ. महिला कबड्डीचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. आधीची दोन्ही सुवर्णपदकं आपली. इराणने 27-24 असा सामना घेतला. इराणच्या त्या मुलींची प्रशिक्षक कोण होती? नाशिकच्या शैलजा जैन. आपल्याच मातीतली बाई, आयुष्यभर मुलींना कबड्डी शिकवलेली. तिला परक्या देशाने ओळखलं.

मग चांगली निवड होते कशी? मोठी समिती, लांबलचक मुलाखती, पडद्यावरची सादरीकरणं, यांनी होते का? गॅरी कर्स्टनने 2020 मध्ये एका मुलाखतीत सांगितलेला किस्सा ऐका. चॅपेल गेल्यावर गावसकरांनी त्याला विचारणा केली. त्याने अर्जही केला नव्हता, प्रशिक्षकपदाचा अनुभवही नव्हता. समितीपुढे बसला तेव्हा रवी शास्त्रींनी त्याला विचारलं, तुम्ही दक्षिण आफ्रिकेचे लोक आम्हाला हरवण्यासाठी काय करायचा ते सांग. त्याने दोन-तीन मिनिटांत सांगितलं. सात मिनिटांत मुलाखत संपली. करार हातात आला तर त्यावर नाव चॅपेल यांचं! ते खोडून तिथेच पेनाने कर्स्टनचं नाव लिहिलं म्हणे. आणि 2 एप्रिल 2011 रोजी वानखेडेवर काय झालं ते सांगायला नको. एवढी ढिसाळ निवड आणि एवढं गोड फळ. पण मला वाटतं, त्या सात मिनिटांत निदान एक प्रश्न कामाचा विचारला गेला होता.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. इतका वेळ दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या, आता स्वतःची सांगितल्याशिवाय मला उठता येणार नाही.

आमच्या गावच्या कबड्डी मंडळाचा मी तेव्हा चिटणीस. पोरांना शिकवायला रेल्वेत गँगमन असलेले एक मामा होते. दिवसभर रुळावर काम करायचे आणि संध्याकाळी स्टेशनकडून थेट मैदानावर यायचे. स्वतः तालुक्याच्या पुढे खेळलेले नाहीत. पैसा घ्यायचे नाहीत. आमची पोरं अंगाने बुटकी, पण मामांनी त्यांची साखळी अशी बांधली होती की समोरचा चढाईपटू निदान रेषेच्या आत आला की परत जायचाच नाही. आम्ही दोनदा जिल्ह्यात उपांत्य फेरी गाठली, पण जिंकलो नाही. आम्हाला घाई झाली. राज्य पातळीवर खेळलेला एक नामांकित खेळाडू महिन्याच्या मानधनावर मिळत होता. बैठकीत ठराव मीच मांडला. मामांना निरोपही मीच दिला. ते म्हणाले, "बरं केलं साहेब. मोठा मानूस आला तर पोरायचं भलंच हुईल." आणि हातातली शिट्टी माझ्याकडे दिली.

नवे प्रशिक्षक वाईट नव्हते. वेळेवर यायचे, मेहनत घ्यायचे. पण ते स्वतः होते सहा फुटांचे, चढाईचे बादशहा. त्यांनी आमच्या पोरांना स्वतःसारखं करायला घेतलं. साखळी मोडली. ज्या पोराचा हात समोरच्या खांद्यापर्यंत पोचत नव्हता, तो हात लांबवून गुण मिळवायला शिकत होता. त्या वर्षी आम्ही पहिल्या फेरीत दोन लोण खाऊन परत आलो. उजव्या कोपऱ्यावर पाय धरण्यात पटाईत असलेला पोरगा दिवाळीनंतर मैदानावर आलाच नाही. पुण्याकडे कंपनीत लागला, असं कळलं. त्याच्या वडिलांनी मला बाजारात गाठून विचारलं, "सर, मामाला का हो काढलं?" मला उत्तर देता आलं नाही.

आम्ही त्या प्रशिक्षकांना एकदाही विचारलं नव्हतं, की आमचा संघ तुम्ही कधी पाहिलाय का. विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हणून खरं सांगितलं असतं. सरळ मनाचा माणूस होता. आम्ही त्यांची कात्रणांची वही पाहिली, प्रमाणपत्रं पाहिली आणि चहा मागवला.

मामांची मग बदली झाली आणि तिकडूनच ते निवृत्त झाले. मी एकदा त्यांच्याकडे जाऊन आलो. माफी मागायला गेलो होतो. त्यांनी तो विषयच काढू दिला नाही. उजव्या कोपऱ्यावर आता कोण खेळतंय, एवढंच दोनदा विचारलं.

येत्या महिन्यात आमच्या मंडळापुढे पुन्हा तेच काम आहे. तीन जणांचे अर्ज आलेत. दोघांच्या अर्जांना प्रमाणपत्रांचा गठ्ठा जोडलेला आहे. तिसऱ्याने फक्त फोन नंबर लिहिलाय. पण गेल्या पंधरवड्यात तो चार-पाच संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभा राहून पोरांचा खेळ बघत होता, असं पोरं सांगतात. तिघांनाही आम्ही सरावाच्या वेळेला मैदानावरच बोलावलंय.