डायलिसिस सुरू झाले. पथ्य बदलले का?



क्रिएटिनिन वाढल्याचे कळले की मराठी घरात सर्वांत आधी ताट बदलते. वरण पातळ होते, अंडी-मासळी बंद होतात, उसळीला कोणी हात लावू देत नाही. त्या टप्प्यावर हे बऱ्याच अंशी योग्यच असते. डायलिसिसपूर्वी प्रथिने मर्यादित ठेवली तर मूत्रपिंडावरचा ताण कमी होतो, म्हणून वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.६ ते ०.८ ग्रॅम एवढेच प्रमाण सुचवले जाते. पुढे एके दिवशी फिस्टुलात सुया जातात आणि डायलिसिस सुरू होते. त्या दिवसापासून हिशेब उलटतो. ताट मात्र तेच राहते.

२०२०च्या केडीओक्यूआय या अमेरिकेतल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार डायलिसिसवरच्या रुग्णाला किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने आणि २५ ते ३५ किलोकॅलरी लागतात. कारण उघड आहे. हिमोडायलिसिसच्या चार तासांत दूषित द्रव्यांबरोबर काही ग्रॅम अमिनो आम्लेही वाहून जातात. पोटाच्या डायलिसिसमध्ये तर प्रथिनांची गळती रोजचीच. त्यात रक्तातली आम्लता आणि शरीरातला सुप्त दाह स्नायू झिजवतात, तोंडाला चव राहत नाही आणि डायलिसिसच्या दिवशी प्रवासात एक जेवण हमखास बुडते.

साठ किलोच्या माणसाचे ताट पाहू. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, वाटीभर पातळ वरण, थोडा भात, भाजी: यातून जेमतेम २० ग्रॅम प्रथिने मिळतात. दोन्ही वेळचे धरून ४०. गरज ६० ते ७२ ग्रॅमची.

ही तूट काट्यावर दिसत नाही. मांस झडते आणि त्या जागी पाणी भरते, त्यामुळे ठरवलेले ‘ड्राय वेट’, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचे कोरडे वजन, महिनोन्‌महिने तेच राहते. वॉर्डात सगळे समाधानी असतात. दंड मात्र बारीक होत जातो, बांगड्या कोपरापर्यंत सरकतात, कानशिलाशी खळगा पडतो. मग अचानक पाय सुजतात, धाप लागते. कोरडे वजन कधीच घटलेले असते, ते कोणी नव्याने ठरवलेले नसते.

१९९० साली लॉरी आणि ल्यू या संशोधकांनी अमेरिकेतल्या बारा हजारांहून अधिक हिमोडायलिसिस रुग्णांच्या नोंदी तपासल्या. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन जितके कमी, तितका मृत्यूचा धोका अधिक, हे त्यातून ठळकपणे पुढे आले. दाहामुळेही अल्ब्युमिन उतरते, म्हणून त्या एका आकड्यावर निदान करू नये. पण तो डेसिलिटरमागे ३.८ ग्रॅमच्या खाली गेला की रुग्णाशी त्याच्या जेवणाबद्दल बोललेच पाहिजे.

डायलिसिस चालू असताना खाणे निषिद्ध मानण्याची प्रथाही तपासायला हवी. ज्यांचा रक्तदाब मध्येच कोसळतो, ज्यांना मळमळते, त्यांनी खाऊ नये. ज्यांची प्रकृती स्थिर आहे त्यांना उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग किंवा पनीरचे चार तुकडे द्यायला हरकत नसावी. पोटॅशियमचे बंधन मात्र कायम असते: शहाळे नको, ‘लो सोडियम’ मीठ नको, भाज्या-बटाटे चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यावे. फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी जेवणासोबतच घ्यावी. पाकीटबंद पदार्थांतले फॉस्फेट जवळजवळ सगळे शोषले जाते, डाळीतले तेवढे नाही. म्हणून डाळ तोडण्याआधी फरसाण आणि शीतपेये तोडावीत.

२०१६मध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतूनही हा उपचार मिळतो. यंत्राचा खर्च शासनाने उचलला, पण ताटातली प्रथिने घरच्यांनाच विकत आणावी लागतात, आणि आजाराने बहुधा कमावताच माणूस घरी बसवलेला असतो.

या व्यासपीठावरून शासनाकडे मागणी आहे ती प्रत्येक डायलिसिस केंद्राला आहारतज्ज्ञ आणि गरीब रुग्णांना प्रथिनयुक्त शिधा देण्याची. सभागृहातल्या प्रत्येकाला विनंती एवढीच: पहिल्या डायलिसिसच्या दिवशीच जुना आहारतक्ता काढून घ्या, नवा हाती द्या आणि दर महिन्याला वजनाबरोबर दंडाचा घेरही मोजा.